शस्त्रबंदीने गुन्हे घटतात काय?

शस्त्रांवर कायद्याचे नियंत्रण असले म्हणजे गुन्हे कमी होतात काय, हा प्रश्न ऐकायला साधा आहे. परंतु त्याचे उत्तर देणारे दोन पक्ष एकमेकांचे ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत क्वचितच असतात. एक पक्ष म्हणतो, बंदूक हाताशी नसली तर गोळी सुटणार नाही, आणि गोळी सुटली नाही तर माणूस मरणार नाही. तेव्हा बंदुका जितक्या कमी तितके खून कमी. दुसरा पक्ष म्हणतो, कायदा पाळतो तो सज्जन; दरोडेखोर काही परवान्याचा अर्ज घेऊन कलेक्टर कचेरीत जात नाही. कायद्याने निःशस्त्र होतो तो भला माणूस, आणि मग ‘बळी तो कान पिळी’ हा न्याय अधिकच पक्का होतो. दोन्ही बोलणी तर्काला धरून आहेत, आणि म्हणूनच हा वाद नुसत्या तर्काने मिटत नाही. त्याला इतिहासाची साक्ष काढावी लागते.

ही साक्ष काढायला आपल्याला फार दूर जाण्याचे कारण नाही. ज्या शहराला लोक ‘जालना सोने का पालना’ म्हणत आले, त्या शहराच्या भोवतालच्या मुलखाने शस्त्रांचे सगळे प्रकार पाहिले आहेत. जिल्हा म्हणून जालना १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला; पण मुलूख जुना आहे. हत्यारे सर्वांच्या हाती होती तो काळ या मुलखाने पाहिला, भाडोत्री सैनिकांच्या हाती गेली तो काळ पाहिला, सरकारी छत्राखालच्या टोळ्यांच्या हाती गेली तो काळ पाहिला, आणि परवान्याच्या कागदावर आली तो काळ आज आपण पाहतो आहोत. एवढी साक्ष एका मुलखाकडे क्वचितच असते.

हत्यारांनी भरलेला मुलूख

२३ सप्टेंबर १८०३ रोजी याच जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या संगमाजवळ, असईची लढाई झाली. एका बाजूला शिंदे आणि नागपूरकर भोसले, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली. शिंद्यांच्या शंभराच्या आसपास तोफा त्या दिवशी इंग्रजांच्या हाती पडल्या. इतिहासाच्या पुस्तकात ही लढाई येथेच संपते. गावकऱ्यांच्या दृष्टीने मात्र लढाईनंतरचा काळ अधिक कठीण असतो. फौज मोडते, पण शिपाई उरतो; आणि त्याच्या खांद्यावरची बंदूकही उरते. १८१८ मध्ये मराठी सत्ता मावळली तेव्हा असे हजारो शिपाई दक्षिणेत रिकामे झाले. ज्याच्या हाती हत्यार आहे आणि पोटाला काम नाही, अशा माणसाने काय करावे? काही जण नांगराकडे परतले. काही निजामाच्या मुलखात जहागीरदारांच्या चाकरीला लागले. काहींनी लूट हाच धंदा केला.

त्या काळी गावाचे रक्षण गावानेच करावयाचे, अशी रीत होती. वाड्याला आणि गढीला जंग्या असत, पाटलाच्या घरी तलवार-भाला असे, आणि रात्रीची गस्त जागल्याकडे असे. चोरी झाली की जागल्या चोराच्या पावलांचा माग काढी. ज्या गावाच्या शिवेत तो माग संपे, त्या गावाने एक तर माग पुढे दाखवावा, नाही तर नुकसान भरून द्यावे. या रीतीत एक मोठे शहाणपण होते: हत्यार गावात होते, पण त्याबरोबर जबाबदारीही गावावर होती. फौजा मोडल्यानंतर हत्यारे राहिली आणि जबाबदारीची साखळी तुटली. माग काढणाऱ्या जागल्याच्या काठीपुढे घोड्यावरचा बंदूकवाला उभा राहिला, तेव्हा ती जुनी व्यवस्था कोलमडली.

निजामाच्या मुलखात या रिकाम्या शिपायांची जागा अरब आणि रोहिले यांनी भरून काढली. ते जहागीरदारांचे सैनिक झाले. पुढे जहागीरदारांचे सावकारही झाले. कर्ज द्यावयाचे, आणि वसूल झाले नाही तर कुळाला आपल्याच वाड्यात कोंडून ठेवावयाचे, ही त्यांची पद्धत. कमरेचा जंबिया आणि हातातली तोड्याची बंदूक हीच त्यांची दिवाणी कोर्टे होती. या लोकांचा बंदोबस्त करणे हे हैदराबाद कंटिन्जंट या इंग्रजी अंमलदारांच्या हाताखालील फौजेचे एक मोठे काम होते. तिच्यासाठी १८२७ मध्ये जालन्याला छावणी बांधण्यात आली आणि ती १९०३ पर्यंत टिकली. म्हणजे पाऊणशे वर्षे जालन्याच्या वेशीशी पलटण उभी होती. तरीही नुसत्या पलटणीने हा उपद्रव निपटला नाही. पलटण गेली की टोळी पुन्हा डोके वर काढी.

मग तो कमी झाला कसा? १८५३ मध्ये सालारजंग हैदराबादचे दिवाण झाले. त्यांनी अरब-रोहिल्यांकडे गहाण पडलेले तालुके सोडवून घेतले, त्यांच्या येण्या-देण्याच्या दाव्यांसाठी न्यायालय नेमले, खाजगी कैदेला आळा घातला, १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली आणि वसुलाच्या कामापासून वेगळे असे पोलीस खाते उभारले. त्यांनी एका हुकुमासरशी सगळ्यांची हत्यारे जमा केली नाहीत. तसे करणे त्यांच्या आवाक्यातही नव्हते. पण ज्या कामासाठी हत्यार वापरले जात होते, ते काम त्यांनी हत्याराकडून काढून घेऊन कचेरीकडे दिले. कर्ज कोर्टात वसूल होऊ लागले, तशी जंबियाची किंमत उतरली. आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या एका गोष्टीत आहे. उरलेले अर्धे शोधण्यासाठी थोडे पुढे गेले पाहिजे.

रुमालाला परवाना कोणता?

शस्त्रबंदीच्या विरोधकांची बाजू मांडायची तर ठगांचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मध्य हिंदुस्थानापासून निजामाच्या मुलखापर्यंतच्या वाटांवर त्यांनी किती वाटसरू मारले याची गणती नाही. त्यांचे मुख्य हत्यार कोणते? एक रुमाल. आता कोणते सरकार रुमालाला परवाना लावणार? ठगांचा नायनाट झाला तो स्लीमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माफीचे साक्षीदार मिळवले, टोळ्यांच्या वंशावळी आणि वाटा कागदावर मांडल्या, आणि १८३६ च्या कायद्याने ठगाच्या टोळीत असणे हाच गुन्हा ठरवला म्हणून. त्या कायद्याचे दोषही पुढे दिसून आले. त्याच वाटेने जाऊन इंग्रजांनी जन्मावरून गुन्हेगार ठरवणारे कायदे केले, आणि कित्येक जमातींच्या कपाळी तो डाग पिढ्यान्‌पिढ्या राहिला. परंतु एवढे खरे की, ठगी मोडण्यात शस्त्रांच्या कायद्याचा वाटा नव्हता. ज्याला ठार मारायचेच आहे त्याला साधन सापडते, हे विरोधकांचे म्हणणे तेथे तंतोतंत खरे ठरते.

मात्र या युक्तिवादाची मर्यादाही तेथेच दिसते. ठगाला आधी वाटसरूशी ओळख काढावी लागे, त्याच्या सोबत चालावे लागे, विश्वास संपादन करावा लागे. आणि एका माणसाला मारायला दोन-तीन माणसे लागत. बंदूकवाल्याला यांतले काहीच लागत नाही. बंदुकीने रागाचा आणि मृत्यूचा मधला वेळ नाहीसा होतो. बांधावरच्या भांडणात काठी उगारलेल्या हाताला शेजारी धरू शकतो. सुटलेल्या गोळीला कोणी धरू शकत नाही. ठरवून केलेला खून आणि रागाच्या भरात झालेला खून या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यावर शस्त्रांच्या कायद्याचा परिणाम थोडा, दुसऱ्यावर अधिक. दोन्ही पक्ष वाद घालतात तेव्हा बहुधा एक पहिल्या प्रकाराविषयी बोलत असतो आणि दुसरा दुसऱ्या प्रकाराविषयी.

परकी राज्याचा शस्त्रकायदा

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी या देशाची हत्यारे काढून घेण्याचे काम हाती घेतले. मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेरडांची हकीकत या संदर्भात आठवण्यासारखी आहे. हत्यारे जमा करण्याचा हुकूम आला तेव्हा त्यांनी तो मानला नाही. नोव्हेंबर १८५७ मध्ये फौज गावावर चालून गेली, गाव जाळले गेले, आणि अनेकांना फाशी देण्यात आली. गुन्हे थांबवण्यासाठी नव्हे, उठाव होऊ नये म्हणून ही शस्त्रबंदी होती. आणि तिनेच तेथे उठाव घडवला.

पुढे १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत शस्त्रांचा कायदा झाला. बंदुकीबरोबर तलवार, भाला, खंजीर यांवरही त्याने बंधन घातले. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. लोकांना कायदा बोचला तो या भेदामुळे. १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून काँग्रेसने त्याविरुद्ध ठराव केले. शेतकऱ्याला रानडुकरापासून पीक राखता येत नाही, ही त्यांतली व्यवहाराची तक्रार. आणि संबंध राष्ट्राला अविश्वासू ठरवले, ही त्यांतली मानाची तक्रार. हत्यारे घडवणाऱ्या कारागिरांचा पिढीजात धंदा बसला, ही तिसरी तक्रार फारशी कोणी मांडली नाही. तिचा धागा आपल्याला पुढे पुन्हा सापडेल.

या कायद्याने गुन्हे घटले काय? कायदा होऊन वर्ष उलटते न उलटते तोच, १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशांना हाताशी धरून पुणे-सातारा भागात दरोडे घातले. त्यांचा हेतू राज्यक्रांतीचा होता. सरकारच्या दप्तरी त्याची नोंद दरोडा अशीच झाली. आपल्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, इंग्रजी मुलखात पाठलाग सुरू झाल्यावर त्यांनी रोहिल्यांची पथके जमवण्यासाठी निजामाच्या मुलखाकडे धाव घेतली. एका राज्यात शस्त्रबंदी आणि शेजारच्या राज्यात शस्त्रांचा बाजार, अशी स्थिती असली की, बंदी सीमेपुरतीच उरते. २२ जून १८९७ रोजी पुण्यात चापेकरांनी रँडवर पिस्तूल झाडले, तेव्हा कायदा होता. २१ डिसेंबर १९०९ रोजी औरंगाबादला शिकलेल्या अनंत कान्हेऱ्यांनी नाशिकच्या नाट्यगृहात जॅक्सनला गोळी घातली, तेव्हाही कायदा होता; त्या कटातली ब्राउनिंग पिस्तुले विलायतेहून लपवून आणलेली होती. ध्येयासाठी मरायला सिद्ध झालेल्या माणसाला परवान्याची अट अडवू शकली नाही.

यावरून कायदा निष्फळ होता असे मात्र म्हणता येत नाही. पिस्तुले विलायतेहून लपवून आणावी लागली, याचाच अर्थ ती येथे सहज मिळत नव्हती. कायद्याने हत्यार दुर्मिळ केले. ते ज्याला हवे होते त्याचा निर्धार मात्र कायद्याला मोडता आला नाही. परकी सरकारच्या या कायद्याचे खरे वैगुण्य निराळेच होते. ज्यांची हत्यारे घेतली, त्यांच्या रक्षणाचा भार त्याने मनापासून पत्करला नव्हता. लोकांनी आपले हत्यार द्यायचे आणि त्या बदल्यात राज्याने संरक्षण द्यायचे, असा हा करार असतो. इंग्रजांनी त्यातले घेणे तेवढे वसूल केले.

१९४८ : एका मुलखाची परीक्षा

या कराराची सर्वांत कठोर परीक्षा आपल्याच मुलखात झाली. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, पण मराठवाडा निजामाच्या अमलाखाली राहिला. लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या नेतृत्वाखाली रझाकारांची संघटना फोफावली. थोड्यांकडे नव्या रायफली, बहुतेकांकडे ठासणीच्या बंदुका, तलवारी आणि भाले. सिडने कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून विमाने भरभरून हत्यारे हैदराबादला पोचवली, ही गोष्ट आता सर्वज्ञात आहे. राज्य स्वतःच एका टोळीला शस्त्रे देऊ लागले, म्हणजे कुंपणानेच शेत खाल्ले. गावोगाव लूट झाली, घरे जळाली, माणसे मारली गेली. हजारो कुटुंबे वऱ्हाड, खानदेश, नगर, सोलापूर या बाजूंना निघून गेली. हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी सरहद्दीवर छावण्या उघडल्या आणि तेथून सशस्त्र प्रतिकार सुरू केला. राज्यावरचा विश्वास उडाला की लोक स्वतः हत्यार शोधतात. त्यात अनैसर्गिक काही नाही, आणि त्या काळी दुसरी वाटही फारशी उरली नव्हती.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. औरंगाबाद, जालना ही शहरे पहिल्या काही दिवसांतच त्यांच्या हाती आली, आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती दिली. तो दिवस आपण मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु इतिहासाची साक्ष काढायची तर ती पुरी काढली पाहिजे. मुक्तीनंतरच्या आठवड्यांत मराठवाड्याच्या आणि कर्नाटकाच्या कित्येक गावांत मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली चौकशीसाठी मंडळ पाठवले. काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे त्याचे इतर सभासद. या मंडळाने मृतांचा अंदाज २७ हजार ते ४० हजार असा केला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वांत अधिक झळ लागल्याचे त्याने नोंदवले. तो अहवाल पुढे पासष्ट वर्षांच्या आसपास दप्तरात बंद राहिला आणि २०१३ च्या सुमारास लोकांना पाहावयास मिळाला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील एक नोंद फार महत्त्वाची आहे. मुसलमान गावकऱ्यांची हत्यारे काढून घेण्यात आली, आणि पुष्कळ ठिकाणी हिंदूंची हत्यारे त्यांच्याकडेच राहिली. येथे शस्त्रबंदी झाली होती, पण एका बाजूची. त्याआधीच्या वर्षभरात नेमके याच्या उलट घडले होते: एका बाजूला शस्त्रे वाटली गेली आणि दुसरी बाजू उघडी पडली. दोन्ही वेळा मेला तो निःशस्त्र माणूस, आणि बहुतेक वेळा ज्याने कोणाचे काही बिघडवले नव्हते असा. एकतर्फी शस्त्रबंदीला शस्त्रबंदी म्हणू नये. तिचे खरे नाव शस्त्रवाटप असेच आहे. हे कटू सत्य या व्यासपीठावरून बोलताना कोणाचा पक्ष घेण्याचा हेतू नाही. ज्या शहरात शेकडो वर्षे हिंदू-मुसलमान एका बाजारपेठेत व्यवहार करीत आले, त्या शहराला हे सत्य पेलता आले पाहिजे.

घटना समितीतील प्रश्न

हैदराबादच्या शरणागतीला तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा, डिसेंबर १९४८ मध्ये, घटना समितीत हाच प्रश्न निघाला. हरि विष्णु कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी सूचना मांडली. त्यांच्या पाठीशी पूर्वपुण्याईही होती: १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने, नियमांच्या अधीन राहून, हा हक्क मागितलाच होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती सूचना स्वीकारली नाही. परकी सरकारपुढे मागितलेली गोष्ट स्वराज्यात तशीच्या तशी लागू होत नाही, आणि बाजारात जाऊन हवे ते हत्यार निर्बंधाशिवाय विकत घेण्याचा हक्क प्रत्येकाला मिळाला तर राज्यकारभार चालणे कठीण होईल, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. शस्त्र धरण्याचा नागरिकाचा हक्क नव्हे, तर देशासाठी ते धरण्याचे त्याचे कर्तव्य महत्त्वाचे, हेही त्यांनी सांगितले.

त्यानंतर १९५९ मध्ये नवा शस्त्र अधिनियम संमत झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याने जुन्या कायद्याचा डंख काढला: तलवार-भाल्यासारख्या हत्यारांना, सरकारने एखाद्या भागापुरती अधिसूचना काढल्याखेरीज, परवाना लागेनासा झाला; पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची वाट ठेवली; बंदुकीवरचे नियंत्रण मात्र कायम राहिले. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवण्याची मुभा राहिली आणि लग्नात-मिरवणुकीत हौसेने गोळ्या झाडणे हा शिक्षेस पात्र गुन्हा ठरला.

परदेशांची साक्ष थोडक्यात

बाहेरच्या देशांत हा वाद कसा चालला आहे, हे थोडक्यात पाहू. ब्रिटनमध्ये डनब्लेनच्या शाळेत १९९६ मध्ये सोळा मुले आणि एक शिक्षिका मारली गेली; त्यानंतर खाजगी पिस्तुलांवर जवळजवळ पूर्ण बंदी आली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थर येथे ३५ माणसे मारली गेली. सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. तेथे बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या पुष्कळ घटल्या. खुनांच्या बाबतीत कायद्याचा वाटा नेमका किती, यावर पंडितांत अजून मतभेद आहे. अमेरिकेच्या घटनेत १७९१ पासून शस्त्राचा हक्क आहे. जॉन लॉट या अर्थशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये बंदुका वाढल्या तर गुन्हे घटतात असे प्रतिपादन केले. २००४ मध्ये तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेने सगळा पुरावा तपासून, उपलब्ध पुराव्यावरून कोणत्याही बाजूचा निर्णय देता येत नाही असे म्हटले. तेथे बंदुकीने मरणाऱ्यांत निम्म्याहून अधिक लोक स्वतःच्याच हाताने मरतात, ही गोष्ट मात्र निर्विवाद आहे. दुष्टाला अडवण्यासाठी घरात आणलेली बंदूक बहुधा घरातल्याच दुःखी माणसाच्या हाती पडते.

आकड्यांनी न दिसणारी गोष्ट

आता पुन्हा घराकडे वळू. केंद्र सरकारच्या आकड्यांप्रमाणे २०१६ च्या अखेरीस देशात सुमारे ३३ लाख ७० हजार शस्त्रपरवाने होते. त्यांतले पावणेतेरा लाखांच्या आसपास एकट्या उत्तर प्रदेशात. महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार, आणि बिहारात सुमारे ८२ हजार. महाराष्ट्र आणि बिहार यांचे आकडे जवळजवळ सारखे आहेत; पण बंदुकीने होणारे खून बिहारात कितीतरी अधिक. परवान्यांच्या संख्येवरून गुन्ह्यांचा अंदाज बांधता येत नाही, असा याचा अर्थ. कारण बंदुकीने झालेल्या खुनांपैकी बहुतेक विनापरवाना हत्यारांनीच होतात. बिहारात ती मुंगेरच्या बाजूने येतात. आपल्याकडे ती सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या सीमेवरील उमर्टीसारख्या गावांतून येतात, हे पोलिसांच्या कारवायांतून पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. अजिंठ्याचा डोंगर उतरून खानदेश ओलांडला की ती सीमा लागते. जालन्याहून हे अंतर फार नाही. तेथे गावठी कट्टे घडवणाऱ्यांत अनेक जण पिढीजात हत्यारे घडवणाऱ्या सिकलगर कारागिरांचे वंशज आहेत. मघाचा धागा येथे सापडतो. कायद्याने धंदा काढून घेतला, पण त्या बदल्यात दुसरा धंदा दिला नाही. तेव्हा हाताचे कसब अंधारात गेले. भट्टी विझवायची तर धाड पुरत नाही. त्या हातांना उजेडातले काम द्यावे लागते.

याचा अर्थ परवान्याच्या बंदुकीकडे दुर्लक्ष करावे असा आहे काय? शेजारच्या बीड जिल्ह्याने याचे उत्तर नुकतेच दिले आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून त्यांना मारहाणीत ठार करण्यात आले. त्यांना गोळी लागलेली नव्हती. तरीही त्या प्रकरणानंतर चर्चा सुरू झाली ती शस्त्रपरवान्यांची. बीड जिल्ह्यात बाराशेंहून अधिक परवाने असल्याचे पुढे आले; त्यांची फेरतपासणी झाली आणि अनेक परवाने रद्द झाले. खून मारहाणीने झाला, मग परवान्यांची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सामान्य माणसाला ठाऊक असते. कमरेला लावलेली बंदूक सुटावीच लागत नाही. ती दिसली की साक्षीदार गप्प बसतो, ठेकेदार वाटा देतो, शेतकरी बांध सोडून देतो, ग्रामसभेत हात वर होत नाही. यांतला एकही प्रकार गुन्ह्यांच्या तक्त्यात चढत नाही. न झाडलेल्या गोळीची मोजदाद कोणताही विभाग करीत नाही. आणि शस्त्रांच्या कायद्याचा खरा उपयोग याच ठिकाणी आहे. निवडणूक आली की परवान्याची हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करून घेतात, ती याच अनुभवाने. मतदान मोकळे व्हावे म्हणून जी काळजी काही आठवडे घेतली जाते, ती बाकीच्या वर्षांत घेतली तर काय बिघडेल?

तात्पर्य

तात्पर्य असे की, शस्त्रबंदीने गुन्हे घटतात काय, या प्रश्नाला होय किंवा नाही असे एका शब्दाचे उत्तर नाही. परंतु अटीचे उत्तर आहे. हत्यार काढून घेणाऱ्याने रक्षणाचे वचन पाळले, आणि ते सर्वांना सारखेच लावले, तर गुन्हे घटतात. सालारजंगांनी हत्यारांची मोठी जप्ती न करताही कचेरी उभी केली, आणि जंबिया निष्प्रभ झाला. इंग्रजांनी जप्ती केली आणि भेद राखला, तेव्हा कायदा लोकांच्या मनात कधी रुजला नाही. १९४८ मध्ये आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने हा तोल मोडला, आणि त्याची किंमत गावांनी रक्ताने दिली.

म्हणून नागरिक या नात्याने आपण दोन प्रश्न सतत विचारले पाहिजेत. आपल्या जिल्ह्यात परवाना मिळतो तो कोणाला: ज्याच्या जिवाला खरा धोका आहे त्याला, की ज्याच्यापासून इतरांच्या जिवाला धोका आहे त्याला? आणि परवाना नसलेला साधा माणूस रात्री पोलीस ठाण्यात गेला, तर त्याची फिर्याद लिहून घेतली जाते काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर जिल्हाधिकाऱ्यांच्या दप्तरात आहे, दुसऱ्याचे ठाणेदाराच्या टेबलावर. ही दोन्ही उत्तरे समाधानकारक असतील, तर शस्त्राचा कायदा कडक असावा, आणि लोकही तो आनंदाने पाळतील. ती समाधानकारक नसतील, तर कायदा कितीही कडक केला तरी माणूस पुन्हा जुन्या वाटेने जाईल आणि अंधारात हत्यार शोधील. तेव्हा दोष त्याच्या हाताला देण्यापूर्वी, त्याने आधी ज्या दारावर थाप मारली होती ते दार का उघडले नाही, याची चौकशी आपण केली पाहिजे.